एका काउंटीत इतकी स्कूल डिस्ट्रिक्ट्स कशासाठी? बर्मिंगहॅम, अलाबामाला मूव्ह होतोय, मदत हवी

मृगजळ

नमस्कार मंडळी,
नवऱ्याला बर्मिंगहॅमला नोकरी लागलीये. अलाबामातलं हो, इंग्लंडमधलं नाही, घरी आईला तीनदा सांगून झालंय. इतकी वर्षं सेंट्रल जर्सीत गेली, आता उन्हाळ्यात बिऱ्हाड हलवायचं. मुलगा सहावीत जाईल, मुलगी केजीत. त्यामुळे घराच्या आधी शाळा बघायला घेतल्या आणि नकाशा बघून चक्रावलेच. स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे शाळांचा स्वतंत्र कारभार, ज्याच्या हद्दीत घर त्याच्याच शाळा. जेफर्सन काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) एकच, पण तिच्यात बर्मिंगहॅम शहराचं डिस्ट्रिक्ट वेगळं, काउंटीचं वेगळं, शिवाय माउंटन ब्रूक, वेस्टाविया हिल्स, होमवुड, हूवर, ट्रसव्हिल, लीड्स अशी छोट्या छोट्या गावांची आपापली. काउंटीचा तुकडा तर सगळीकडे सांडल्यासारखा दिसतो, मध्येच आहे मध्येच नाही.

मुलांची टक्केवारी बघितली तर एकात जवळजवळ सगळी काळी मुलं आणि गाडीने दहा-पंधरा मिनिटांवरच्या दुसऱ्यात जवळजवळ सगळी गोरी. रिएल्टर बाईंना विचारलं हे असं का, तर त्या गोड हसल्या आणि म्हणाल्या वेबसाइटवर बघा.

तर माझा प्रश्न असा की माणसं अशी वेगवेगळी राहतात म्हणून डिस्ट्रिक्ट्स अशी झालीत, की माणसं वेगवेगळी ठेवायची म्हणून रेषा अशा मारल्यात? आणि आपण या सगळ्यात कुठे बसतो? कुणी तिकडे राहत असेल तर प्लीज लिहा.

पोपटपंची

पहिला! बाकी रिएल्टरला दोष देऊ नका, बिचारीचं लायसन्स जाईल.

चिंगी_२

@मृगजळ, पोपटपंची चेष्टेत लिहितोय पण खरं आहे ते. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे रिएल्टर लोक "अमुक भागात तुमच्यासारखे लोक आहेत" वगैरे बोलू शकत नाहीत. मग शाळेच्या रेटिंगचा आकडा दाखवतात, आणि तो आकडा जे सांगायचं ते बरोब्बर सांगतो. कायद्यालाही बाधा नाही!

बामाबाई

मी हूवरमध्ये राहते, बरीच वर्षं झाली. जेवढं माहीत आहे तेवढं लिहिते, लांबेल, चहा घेऊन बसा.

अलाबामात कायदा असा आहे की पाच हजारांवर वस्ती असलेलं कुठलंही शहर काउंटीतून फुटून स्वतःचं स्कूल बोर्ड काढू शकतं. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाचा ब्राउन निकाल आला, काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरल्या. १९५९ मध्ये माउंटन ब्रूक बाहेर. मग १९६५ मध्ये एका काळ्या कुटुंबाने जेफर्सन काउंटीवर केस टाकली, स्टाउट केस म्हणतात तिला, कोर्ट हळूहळू कडक होत गेलं आणि १९७० च्या आगेमागे वेस्टाविया हिल्स आणि होमवुड बाहेर. आमचं हूवर १९८८ ला. २००० नंतर लीड्स आणि ट्रसव्हिल. तारखा नुसत्या शेजारी ठेवून बघ, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

उरलेलं अर्धं गार्डनडेलला. बर्मिंगहॅमच्या उत्तरेला आहे. २०१४ मध्ये त्यांनी स्वतःचं बोर्ड काढलं. ती स्टाउट केस अजून चालू असल्याने कोर्टाची परवानगी लागत होती. तर तिथल्या मोहिमेचं एक पत्रक कोर्टात आलं, त्यावर गोऱ्या मुलीचा फोटो, 'गार्डनडेल कुठला रस्ता निवडणार' असा प्रश्न, एका बाजूला वेगळी न झालेली गावं, म्हणजे जिथे काळी वस्ती वाढली ती, आणि दुसऱ्या बाजूला वेगळी होऊन 'चांगली' राहिलेली गावं. हे गेल्या शतकातलं नाही हं. २०१७ मध्ये जज मॅडेलिन हैकाला यांनी निकालात स्पष्ट लिहिलं की यामागे वंशाचा हेतू आहे आणि काळ्या मुलांना यातून तुम्ही कमी आहात असा निरोप जातो. आणि एवढं लिहून त्याच निकालात दोन प्राथमिक शाळा घेऊन सुरुवात करायला परवानगी दिली!! वरच्या कोर्टाने २०१८ मध्ये ते फिरवलं आणि गार्डनडेलला पूर्ण मनाई केली.

अजून एक, तुझ्या यादीत बेसेमर, फेअरफील्ड, मिडफील्ड, टॅरंट राहिली. तीही जेफर्सनमधलीच, त्यांचीही वेगळी डिस्ट्रिक्ट्स आहेत. ती रिएल्टर तुला दाखवणार नाही.

मृगजळ

बामाबाई, मनापासून आभार. ती चार खरंच माझ्या यादीत नव्हती. मी ज्या साइटवर रेटिंगचा फिल्टर लावला होता त्यात ती गळलीच असणार.

तिरपागडा

झालं, आता सगळे मिळून अमेरिका कशी वाईट यावर शंभर प्रतिसाद पाडा.

माझं मत वेगळं आहे. लोकांना आपली शाळा आपल्या हातात हवी असते, यात गैर काय? प्रॉपर्टी टॅक्स मी भरतो, बोर्डावर कोण बसणार ते मी ठरवणार. प्रचंड मोठ्या काउंटीच्या बोर्डाला माझ्या गावातल्या शाळेचं छप्पर गळतंय हे कळायला तीन वर्षं लागतात. आणि एक आकडा देतो, १९४० च्या सुमारास या देशात १ लाख १७ हजार स्कूल डिस्ट्रिक्ट्स होती. आज तेरा हजारांच्या आसपास आहेत. म्हणजे एकूण इतिहास तुकडे एकत्र येण्याचाच आहे, एका खोलीच्या शाळा बंद झाल्या, रस्ते झाले, पिवळ्या बसेस आल्या. पाच-पन्नास गावं फुटली म्हणून तोच नियम धरायचा का?

शिवाय जर्सीत बघा. सहाशेच्या जवळपास डिस्ट्रिक्ट्स, तीही ब्राउन निकालाच्या कितीतरी आधीपासून. तिथे कोणाला कोणापासून पळायचं होतं?

आकडेमोड

@तिरपागडा, चांगला मुद्दा आहे म्हणून नीट उत्तर देतो.

नेमका हाच प्रश्न अलेसिना, बकीर आणि हॉक्सबी या तीन अर्थशास्त्रज्ञांनी घेतला होता, त्यांचा पेपर २००४ मध्ये छापून आला. त्यांनी विचार असा केला की डिस्ट्रिक्ट मोठं असेल तर पैसे वाचतात, एक सुपरिंटेंडंट, एक ऑफिस, मोठं हायस्कूल, लॅब. मग लोक लहान डिस्ट्रिक्टचा जादा खर्च का सोसतात? तर आपल्यापेक्षा वेगळ्या लोकांबरोबर एकत्र निर्णय घ्यायला नको म्हणून, असा अंदाज. १९६० ते १९९० मधले काउंटीवार आकडे त्यांनी तपासले. तुम्ही म्हणता तसं या काळात डिस्ट्रिक्ट्स कमीच होत होती. पण जिथे काळे-गोरे असं मिश्रण जास्त होतं किंवा वाढत होतं, तिथे ती कमी व्हायचा वेग मंदावला. म्हणजे इतरत्र चार गावं एक झाली तर इथे ती चारची चारच राहिली. उत्पन्नातल्या फरकाचाही परिणाम दिसला. पण गोऱ्यांमध्ये कोणाचे पूर्वज कुठून आले किंवा कोण कुठल्या पंथाचा याने फारसा फरक पडत नव्हता. मला सगळ्यात बोलका हाच भाग वाटला. फरक कुठलाही चालतो असं नाही, ठराविक फरकच खुपतो.

आता तुम्ही म्हणाल की कदाचित उलटं असेल, जिथे भरपूर लहान डिस्ट्रिक्ट्स होती तिथेच वेगवेगळे लोक येऊन राहिले. त्यासाठी त्यांनी दोन्ही महायुद्धांचा आधार घेतला. युद्धात उत्तरेकडच्या कारखान्यांना माणसं हवी होती म्हणून दक्षिणेतून काळे कामगार मोठ्या संख्येने तिकडे गेले, ते काही शाळांच्या हद्दी बघून गेले नव्हते. तरी चित्र तेच निघालं.

त्यामुळे 'फुटलेली गावं किती' एवढंच मोजून चालत नाही, 'जी एकत्र यायची ती आलीच नाहीत' हेही मोजायला हवं. ते वर्तमानपत्रात येत नाही कारण तिथे काही घडलेलंच नसतं.

खडकवासला

वाचतोय. पुण्यात बसून वाचताना गंमत वाटते, कारण इथे हद्द-बिद्द काही न आखता सगळं व्यवस्थित जमवलेलं आहे.

मोटारसिटी

डेट्रॉइटबद्दल लिहिल्याशिवाय हा धागा पुढे जाऊच शकत नाही.

डेट्रॉइट शहरातल्या शाळा सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच बहुसंख्य काळ्या झाल्या होत्या, गोरे आठ मैल रस्त्याच्या पलीकडे. शाळा मिश्र करायच्या खटल्यात जज स्टीफन रॉथ म्हणाले की फक्त शहरातल्या मुलांची अदलाबदल करून काही साधणार नाही, आजूबाजूची ५३ सबर्बन डिस्ट्रिक्ट्स या योजनेत घ्या. १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने ते रद्द केलं. मिलिकेन विरुद्ध ब्रॅडली. म्हणणं काय, तर या सबर्ब्जनी स्वतः भेदभाव केल्याचा पुरावा नाही, सबब त्यांची हद्द ओलांडता येणार नाही. थर्गूड मार्शल यांनी विरोधी मत लिहिलं की असं केलंत तर आपली महानगरं काळं शहर आणि गोरं शहर अशी दुभंगतील. ज्यांनी ब्राउन केस लढवली तेच हे मार्शल, तोवर जज झाले होते.

त्या निकालानंतर स्कूल डिस्ट्रिक्टची हद्द ही भिंतच झाली. गावातल्या गावात भेदभाव केलात तर कोर्ट पकडणार, पण हद्दीपलीकडे राहायला गेलात तर तुम्ही मोकळे. मग नवीन हद्द काढायला किती किंमत आली विचार करा.

आमच्या इकडे मिशिगनमध्ये १९९४ ला प्रपोजल ए आलं, शाळेच्या रोजच्या खर्चाचा मोठा भाग प्रॉपर्टी टॅक्सवरून काढून राज्याकडे नेला, सेल्स टॅक्स ४ चा ६ टक्के झाला. म्हणजे @तिरपागडा म्हणतात ते 'माझा टॅक्स माझी शाळा' बरंच सैल झालं की! हद्दी हलल्या का? एक इंच नाही. नोव्हीत घर घेताना तर अजून मजा, शहर एक पण घर कुठल्या गल्लीत आहे त्यावर डिस्ट्रिक्ट नोव्हीचं, वॉल्ड लेकचं, नॉर्थव्हिलचं नाहीतर साउथ लायनचं. आपल्या मंडळींनी ओपन हाउसला गल्ली विचारून मगच चपला काढलेल्या मी पाहिल्यात.

पोपटपंची

@खडकवासला "व्यवस्थित जमवलेलं" म्हणजे? नीट लिहा की काका, घाबरता काय.

खडकवासला

घाबरतोय कुठे. आरटीईचे २५ टक्के घ्या. खाजगी शाळेत चौथा हिस्सा जागा गरीब आणि वंचित घरातल्या मुलांना. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने नियमच बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला या जागा द्यायची गरज नाही. शहरात एका किलोमीटरमध्ये अशी शाळा नाही असा भाग दाखवा मला! जुलैमध्ये हायकोर्टाने तो बदल रद्द केला म्हणून ठीक. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर नियम आला तेव्हा अंगठे आणि रद्द झाला तेव्हा शांतता. पालक सगळे सुशिक्षित, पुरोगामी, पुस्तकं वाचणारे.

अवांतर झालं असेल तर क्षमस्व.

चिंगी_२

अवांतर मुळीच नाही, +१.

फ्रीमाँटकर

सगळे काळे-गोरे एवढ्यावरच बोलताय म्हणून आमच्या गावचा किस्सा.

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया. मिशन सॅन होजे हायस्कूलचं नाव कोणी ऐकलं नसेल असा बे एरियातला मराठी माणूस दाखवा. त्या शाळेच्या झोनमध्ये घर घ्यायचं म्हणून लोकांनी आयुष्याची कमाई ओतलीये. २००० च्या सुमारास बोर्डाने झोन बदलले, वाइबेल या प्राथमिक शाळेचा भाग मिशनमधून काढून अर्विंग्टन हायस्कूलला जोडला. मग जे पेटलं! कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि त्या भागातल्या पालकांनी फ्रीमाँटमधून फुटून स्वतःचं वेगळं डिस्ट्रिक्ट काढायची मोहीम चालवली. हे पालक बहुतेक एशियन, त्यातही चिनी आणि तैवानी जास्त. त्यांचं म्हणणं, आमच्या मुलांचे मार्क चांगले म्हणून आम्हाला वाटून टाकता, हा आमच्यावर अन्याय. बाकीच्या गावाचं म्हणणं, तुम्हाला आमच्या मुलांशेजारी बसायचं नाही. वेगळं डिस्ट्रिक्ट शेवटी काही झालं नाही, फ्रीमाँट युनिफाइड आजही एकच आहे.

मी त्यानंतर इथे आलो, पण जुन्या लोकांकडे अजून विषय काढला की दोन तट पडतात. सांगायचं काय की फुटायची इच्छा ही काही गोऱ्यांची मक्तेदारी नाही.

आकडेमोड

@फ्रीमाँटकर, याची दुसरी बाजूही सांगा. लिआ बुस्टन आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियाच्या शाळांचा अभ्यास केलाय २०२३ मध्ये. सुखवस्तू सबर्बन डिस्ट्रिक्ट्समध्ये एशियन मुलं यायला लागली की गोरी कुटुंबं तिथून निघतात, असं त्यात दिसलं. आणि इथे शाळा घसरली हे कारण देताच येत नाही, मार्क तर वर जातात. स्पर्धा नको, आपलं पोर वर्गात खाली नको, असं काहीतरी असावं असा त्यांचा कयास.

मृगजळ

हे तर आम्ही बघितलंय! आमच्या शेजारचं वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरो. २०१५ मध्ये तिथल्या सुपरिंटेंडंटनी मुलांवरचा ताण कमी करायला बदल जाहीर केले, मिडटर्म आणि फायनल बंद, काही रात्री गृहपाठ नाही. तर पालक सभेत उभे दोन भाग. ढोबळमानाने एशियन एकीकडे आणि गोरे दुसरीकडे. आमच्या मैत्रिणींत त्यावरून अबोले झाले होते.

तिरपागडा

बघा, म्हणजे मी म्हणतो तेच. प्रत्येकाला आपल्यासारख्या विचाराच्या लोकांची शाळा हवी असते. मग गोऱ्यांनी केलं की वंशवाद आणि आपण केलं की 'शिक्षणाची ओढ'?

निवृत्त_नाना

तिरपागडा यांचा प्रश्न बिनतोड आहे, पण त्यातून त्यांना हवं ते उत्तर निघत नाही असं मला वाटतं.

मी डेलावेअरला सत्तरच्या दशकात आलो, विल्मिंग्टनजवळ. मोटारसिटी यांनी डेट्रॉइटचं लिहिलं, आमच्याकडे उलट घडलं. आमच्या खटल्यात कोर्टाने पाहिलं की राज्याने १९६८ मध्ये लहान डिस्ट्रिक्ट्स एकत्र करायचा कायदा केला आणि त्यातून नेमकं विल्मिंग्टन शहर वगळलं. म्हणजे हद्द राज्यानेच तशी राखलेली. त्यामुळे १९७८ मध्ये विल्मिंग्टन आणि आजूबाजूची सबर्ब्ज अशी अकरा डिस्ट्रिक्ट्स कोर्टाने एकत्र केली. शहरातली मुलं काही वर्षं सबर्बमध्ये, सबर्बमधली काही वर्षं शहरात. केवढा हलकल्लोळ झाला सांगू! आमच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नसे. आम्ही दोन-चार देशी, आम्हाला कोणी विचारायचं नाही तुमचं मत काय. माझी मुलगी त्या बसने गेली. तिला विचाराल तर ती सांगेल की बस लांबची होती आणि तिथे तिला बँड शिकायला मिळाला. बस एवढंच. आकाश कोसळलं नाही.

१९८१ मध्ये त्या एका मोठ्या डिस्ट्रिक्टचे चार तुकडे केले, ब्रँडीवाइन, रेड क्ले, क्रिस्टीना आणि कलोनियल. शहराचा वाटा चौघांकडे, जेणेकरून प्रत्येकात मिश्रण राहावं. हेतू बरा होता. पण परिणामी विल्मिंग्टन शहराला स्वतःचं असं स्कूल बोर्ड उरलं नाही. चार बोर्डांत त्यांचा आवाज चार ठिकाणी थोडा थोडा.

तर 'प्रत्येकाला आपली शाळा हवी' हे ठीकच आहे, पण कोणाला ती मिळते हे बघा. वेगळं व्हायचं की नाही याचं मत बहुतेक ठिकाणी फक्त जाणाऱ्यांना असतं. मागे राहणाऱ्यांना कोणी विचारत नाही.

बामाबाई

नाना, शेवटचं वाक्य लाख मोलाचं. लुईझियानात सेंट जॉर्जचं हेच झालं. ईस्ट बॅटन रूजमधून बेकर, झॅकरी, सेंट्रल ही आधीच शाळा घेऊन वेगळी झाली होती. मग दक्षिणेकडच्या सुखवस्तू भागाला वेगळं डिस्ट्रिक्ट हवं होतं, ते मिळेना, तर म्हणाले वेगळं शहरच करतो. २०१९ ला मतदान, फक्त त्या भागातल्या लोकांचं, ५४ टक्के 'हो'. २०२४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने मान्यता दिली.

मेंफिसचा_मावळा

मी कॉलिअरव्हिल, टेनेसी. आमच्याकडे लग्न आणि काडीमोड एका वर्षात उरकला.

मेंफिस शहराचं डिस्ट्रिक्ट मोठं, लाखभर मुलं, बहुतेक काळी. भोवतीच्या शेल्बी काउंटीचं वेगळं, त्याच्या निम्म्याहून कमी. काउंटीवाले आता स्पेशल डिस्ट्रिक्टचा दर्जा घेऊन आपली हद्द कायमची बंद करतील या भीतीने मेंफिसने २०११ मध्ये अशी काही खेळी केली की भलेभले गार. स्वतःचं डिस्ट्रिक्टच विसर्जित केलं! मतदान घेऊन. म्हणजे शहरातली सगळी मुलं कायद्याने आपोआप काउंटीची जबाबदारी. २०१३ मध्ये विलीनीकरण झालं. पण तोवर राज्याच्या विधिमंडळाने नवीन म्युनिसिपल डिस्ट्रिक्ट्सवरची बंदी उठवून ठेवली होती, आणि २०१४ ला सहा गावं बाहेर. आर्लिंग्टन, बार्टलेट, कॉलिअरव्हिल, जर्मनटाउन, लेकलँड, मिलिंग्टन. जर्मनटाउनची तर गंमत म्हणजे जर्मनटाउन नावाच्या तीन शाळा, हायस्कूल धरून, काउंटीकडेच राहिल्या. गावाच्या नावाची शाळा गावात, पण गावाची नाही.

@तिरपागडा तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर, हो, मी कॉलिअरव्हिलच्या बाजूने मत दिलं. २०१८ मध्ये नवं हायस्कूल झालं, मोठं, चकाचक, माझी मुलं तिथे शिकली. माझ्या बाजूच्या क्यूबमधला सहकारी मेंफिसमध्ये राहतो, काळा आहे, त्याचं पोरगं माझ्या पोराच्याच वयाचं. त्याने मला एकदा विचारलं, तू 'हो' दिलंस ना? मी 'हो' म्हटलं. आम्ही अजून रोज एकत्र जेवतो, पण तो विषय परत निघाला नाही.

चिंगी_२

मावळ्या, प्रामाणिक लिहिलंस.

पोपटपंची

इतका गंभीर धागा मी चुकून उघडला का? असो. जर्सीचं राहिलं. तिरपागडांनी विचारलं होतं सहाशे डिस्ट्रिक्ट्स कुणापासून पळायला काढली म्हणून.

चिंगी_२

मी लिहिते, मी मॉरिसची.

जर्सीतल्या हद्दी जुन्या आहेत हे खरं. मुळात बरो आणि टाउनशिप अशी बारकी बारकी गावं, त्यामागे रस्ते-दारूबंदी-टॅक्स अशी शंभर कारणं. पण हद्द कशासाठी काढली होती आणि आता कशासाठी टिकवून धरलीये, हे वेगळे प्रश्न आहेत ना! १९४७ च्या राज्यघटनेतच लिहिलंय की पब्लिक स्कूलमध्ये वंशावरून वेगळं करता येणार नाही. आणि आमच्या गावचं उदाहरण आहे. मॉरिसटाउन मध्ये, त्याच्याभोवती मॉरिस टाउनशिप. टाउनशिपची मुलं मॉरिसटाउनच्या हायस्कूलला यायची. टाउनशिपला स्वतःचं हायस्कूल काढायचं होतं, ते निघालं असतं तर गोरी मुलं जवळजवळ सगळी बाहेर गेली असती. १९७१ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने, जेंकिन्स केस, सांगितलं की शिक्षण आयुक्तांना हे थांबवायचा आणि दोन्ही डिस्ट्रिक्ट्स एकत्र करायचा अधिकार आहे. आणि ती केली. आमचं मॉरिस डिस्ट्रिक्ट आजही त्यातूनच चाललंय, काळी, गोरी, लॅटिनो, आपली, सगळी मुलं एका हायस्कूलला. कॅफेटेरियात वेगवेगळ्या टेबलांवर बसतात हेही सांगते, स्वर्ग नाहीये तो.

पण असं एकत्रीकरण जर्सीत पुन्हा कुठे झालेलं मला माहीत नाही. २०१८ पासून एक मोठी केस चालू आहे, लॅटिनो ॲक्शन नेटवर्क वगैरेंनी राज्यावरच टाकलेली, की तुमच्या या हद्दींमुळे शाळा वेगळ्या पडल्यात.

तिरपागडा

मॉरिसचं माहीत नव्हतं. ठीक.

पण विलीनीकरण म्हणजे काळ्या लोकांचं भलं, हे गृहीतक तुम्ही सगळे धरून चाललाय. दक्षिणेत शाळा एकत्र केल्या तेव्हा काळ्यांच्या शाळा बंद झाल्या आणि हजारो काळे शिक्षक, हेडमास्तर नोकरीवरून गेले, ३८ हजारांचा आकडा नेहमी दिला जातो. आणि न्यूयॉर्कमध्ये १९६८ ला ओशन हिल-ब्राउन्सव्हिलमध्ये काळ्या आणि प्वेर्टोरिकन पालकांनीच मागणी केली होती की आमच्या शाळा आमच्या ताब्यात द्या. त्यावरून शिक्षकांचा एवढा मोठा संप झाला. तिथे लोकल कंट्रोल मागणारे काळे होते.

आकडेमोड

यात तुमच्याशी शंभर टक्के सहमत. फक्त एक फरक. ब्राउन्सव्हिलला शाळा कशी चालवायची याचा अधिकार हवा होता. पैसा शहराच्याच तिजोरीतून येणार होता. माउंटन ब्रूक फुटतं तेव्हा आपला टॅक्स बेसही बरोबर घेऊन जातं. १९७३ च्या टेक्सासच्या रॉड्रिगेझ केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलंय की श्रीमंत आणि गरीब डिस्ट्रिक्टच्या खर्चातला फरक केंद्रीय घटनेच्या विरोधात नाही. पुढच्याच वर्षी मिलिकेन. म्हणजे हद्दीपलीकडून मुलंही आणता येणार नाहीत आणि पैसेही. एडबिल्ड नावाच्या संस्थेने २०१९ मध्ये हिशोब मांडला होता, मुख्यतः गोऱ्या मुलांच्या डिस्ट्रिक्ट्सना इतरांपेक्षा वर्षाला २३ अब्ज डॉलर जास्त मिळतात, मुलांची संख्या साधारण सारखी असून. त्यांनीच मोजलं की २००० पासून १२८ ठिकाणी फुटायचे प्रयत्न झाले, ७३ यशस्वी.

खडकवासला

म्हणजे वाटणीत विहीर कोणाकडे गेली ते बघायचं. आमच्या गावाकडे भाऊबंदकीत तेवढंच बघतात.

मृगजळ

बाप रे, दोन दिवस बघितलं नाही तर धागा कुठल्या कुठे. सगळं वाचलं. नवऱ्यालाही वाचून दाखवलं, तो म्हणाला छान, पण घर कुठे घ्यायचं?

तर परत मूळ पदावर. हूवर की अजून कुठे? माउंटन ब्रूक परवडणारही नाही आणि आता जावंसंही वाटत नाहीये. आणि खरं सांगायचं तर रेटिंग न बघता घर घेण्याची हिंमतही नाही.

बामाबाई

हूवरला आपले लोक बरेच आहेत, शाळा मिश्र आहेत, या सगळ्या यादीत होमवुड आणि हूवर त्यातल्या त्यात मिश्र म्हणायची. पण डोळे उघडे ठेवून ये. २०१३ मध्ये आमच्या बोर्डाने खर्च वाचवायचा म्हणून स्कूल बसेसच बंद करायचं ठरवलं होतं. बस लागते कोणाला? अपार्टमेंटमधल्या मुलांना, ज्यांच्या आईवडिलांना सकाळी सोडायला जमत नाही, त्यात काळी आणि लॅटिनो मुलं जास्त. खूप आरडाओरडा झाला, वर्षाअखेरीस निर्णय मागे घेतला. २०१६ ला झोन बदलले तेव्हा त्याच हैकाला बाईंची परवानगी घ्यावी लागली, तीच १९६५ ची केस. म्हणून घर घेताना अपार्टमेंट असो की बंगला, आत्ताचा झोन डिस्ट्रिक्टच्या ऑफिसमधूनच पक्का करून घे, रिएल इस्टेट साइटवरचा नकाशा धरून चालू नकोस.

दुसरं, काउंटीचं डिस्ट्रिक्ट एकदम बाद करू नकोस. आयर्नडेलला शेड्स व्हॅली हायस्कूलमध्ये काउंटीचा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) प्रोग्रॅम आहे, अर्ज करून प्रवेश, देशात नाव आहे त्याचं. काउंटीच्या हद्दीत राहिलीस तर मुलगा तिथे अर्ज करू शकेल. घरंही स्वस्त. माझ्या ओळखीच्या दोन देशी घरांनी तेच केलंय. अर्थात मोठ्या शाळेच्या आत ती एक वेगळी छोटी शाळाच आहे, बाकी मुलं आणि आयबीची मुलं कितपत एकत्र येतात ते स्वतः जाऊन बघ.

मंदिर पेल्हमला, ते शेल्बी काउंटीत (मेंफिसची नव्हे, अलाबामातली). तेही २०१४ मध्ये आपल्या काउंटीतून शाळा घेऊन वेगळं झालंय हो, शेजारचं अलाबास्टर त्याच्या आदल्या वर्षी.

पोपटपंची

देवसुद्धा डिस्ट्रिक्ट बघूनच राहतो तर.

तिरपागडा

@मृगजळ, मी तुमच्या जागी असतो तर हूवर घेतलं असतं आणि रात्री शांत झोपलो असतो. पण बोर्डाच्या मीटिंगला जात जा, तिथे आपले लोक दिसत नाहीत, मग झोन बदलले की ग्रुपवर बोंबलतात. आमच्याकडे तेच झालं.

मृगजळ

@तिरपागडा, हे पटलं.
पुढच्या महिन्यात घरं बघायला येतोय. हूवर आणि आयर्नडेल दोन्हीकडे अपॉइंटमेंट घेते, आणि शेड्स व्हॅलीला टूर मिळते का विचारते. बामाबाई, तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय, जमलं तर भेटूच. केजीसाठी वयाची कटऑफ तारीख तिकडे कुठली धरतात? मुलगी ऑगस्टच्या शेवटची आहे.

बामाबाई

१ सप्टेंबरपर्यंत पाच पूर्ण हवीत. बसतेय ती. व्यनिला उत्तर दिलंय.